हॉवर्ड विद्यापीठातील बावीस भगिनी

अमेरिकेतील जुन्या विद्यापीठांच्या परिसरात फिरताना काही घरांच्या दर्शनी भिंतीवर ग्रीक वर्णमालेतील दोन-तीन अक्षरे ठळकपणे लावलेली दिसतात. आत राहणाऱ्यांचा ग्रीस देशाशी काही संबंध असतो असे नाही. ही अक्षरे म्हणजे विद्यार्थ्यांच्या मंडळांची नावे होत. मुलांची ती बंधुमंडळे आणि मुलींची ती भगिनीमंडळे. भगिनीमंडळ हा शब्द मराठीला नवा नाही. गावोगावच्या स्त्रियांनी एकत्र येऊन शिवणवर्ग चालवावा, वाचनालय काढावे, हळदीकुंकवाच्या निमित्ताने चार विचारांची देवघेव करावी, अशी मंडळे महाराष्ट्रात आहेत आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्यांतही आहेत. वर्गणी भरली की तेथे कोणालाही प्रवेश मिळतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन भगिनीमंडळाची रीत मात्र निराळी. तेथे आमंत्रणावाचून प्रवेश नाही. जुन्या सभासदांनी मते देऊन नवी सभासद निवडायची. तिने गुप्त विधीने शपथ घ्यायची. आणि एकदा जडलेले हे नाते शिक्षण संपल्यावरही जन्मभर पाळायचे. मूळ मंडळाने निरनिराळ्या विद्यापीठांतून शाखा काढाव्यात आणि प्रत्येक शाखेला पुन्हा ग्रीक अक्षराचेच नाव द्यावे, असा परिपाठ आहे. पहिली शाखा ती अर्थातच ‘अल्फा’.

ह्या प्रथेचा उगम अमेरिकेच्या स्वातंत्र्याइतकाच जुना आहे. १७७६ साली व्हर्जिनियातील एका महाविद्यालयात ‘फाय बीटा कप्पा’ हे ग्रीक अक्षरांच्या नावाचे पहिले मंडळ निघाले. त्या काळी महाविद्यालयात मुलीच नव्हत्या; त्यामुळे ही परंपरा पुढे जवळजवळ शंभर वर्षे पुरुषांचीच राहिली. मुलींना प्रवेश मिळू लागल्यावर त्यांना कळून चुकले की, वर्गात बसायला जागा मिळाली तरी महाविद्यालयाच्या जीवनात जागा मिळतेच असे नाही. म्हणून १८७० मध्ये इंडियाना राज्यातील एका महाविद्यालयात विद्यार्थिनींनी ‘कप्पा अल्फा थीटा’ हे आपले स्वतंत्र मंडळ स्थापन केले, आणि त्यानंतर अशी मंडळे भराभर निघाली. परंतु मुलींनी स्वतःसाठी उघडलेले हे दारही सर्व मुलींसाठी नव्हते. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींना ते बंदच होते. ज्यांना वगळले गेले होते त्यांनी स्वतःचे घर बांधले, आणि ते बांधताना पुन्हा कोणालातरी वगळले. ह्या मंडळांच्या इतिहासात ही गोष्ट वारंवार घडलेली आहे. ह्या पार्श्वभूमीवर वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात १९१३ साली निघालेल्या ‘डेल्टा सिग्मा थीटा’ ह्या मंडळाच्या पहिल्या शाखेचा वृत्तांत पाहण्याजोगा आहे.

हॉवर्ड विद्यापीठाची स्थापना १८६७ सालची. यादवी युद्ध संपून दोनच वर्षे झाली होती, आणि गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लक्षावधी लोकांच्या शिक्षणाचा प्रश्न उभा होता. त्यांच्या साहाय्यासाठी सरकारने जे खाते काढले होते त्याचे प्रमुख जनरल ऑलिव्हर हॉवर्ड ह्यांचे नाव ह्या विद्यापीठाला देण्यात आले. वर्ण अथवा स्त्री-पुरुष हा भेद प्रवेशाच्या आड येऊ द्यावयाचा नाही, हे धोरण तेथे आरंभापासून होते. थोड्याच वर्षांत वैद्यक, कायदा, धर्मशास्त्र, अध्यापन अशा विविध शाखा सुरू झाल्या आणि कृष्णवर्णीय समाजातील डॉक्टर, वकील व शिक्षक घडविणारी ती एक प्रमुख संस्था ठरली.

तथापि विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे शिकणाऱ्या मुलीची स्थिती मोठी विचित्र होती. तिचे आजी-आजोबा बहुधा गुलामगिरीत जन्मलेले. आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन तिला शिकायला पाठविलेले. शिक्षण पुरे झाल्यावर शिक्षिकेचा पेशा हाच काय तो तिच्यासाठी खुला असलेला मोठा मार्ग. वसतिगृहाचे नियम कडक; बाहेर जायचे तर कोणी वडीलधारे सोबतीला हवे. गावात गोऱ्यांच्या उपाहारगृहात व नाट्यगृहात तिला मज्जाव. आपल्या शिक्षणाचे पुढे करायचे काय, ह्याचा विचार चारचौघींत बसून करण्यासाठी तिला स्वतःची अशी जागा नव्हती.

ही जागा प्रथम निर्माण केली ती एथेल हेजमन ह्या विद्यार्थिनीने. सेंट लुई शहरातील ही मुलगी शिष्यवृत्ती मिळवून हॉवर्डला आली होती. विद्यापीठातील एका अध्यापिकेने आपल्या विद्यार्थिदशेतील भगिनीमंडळाच्या आठवणी तिला सांगितल्या आणि तिच्या मनात कल्पना रुजली. मुलांची उदाहरणे तर डोळ्यांसमोरच होती. कॉर्नेल विद्यापीठात १९०६ साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ हे बंधुमंडळ काढले होते आणि पुढच्याच वर्षी त्याची शाखा हॉवर्डमध्ये निघाली होती. १५ जानेवारी १९०८ रोजी हेजमन आणि तिच्या आठ मैत्रिणी ह्यांनी मिळून ‘अल्फा कप्पा अल्फा’ ह्या मंडळाची स्थापना केली. कृष्णवर्णीय महाविद्यालयीन स्त्रियांचे ग्रीक अक्षरांचे हे पहिले मंडळ. त्याच वर्षी खालच्या वर्गातील सात मुली त्यांना येऊन मिळाल्या. पहिली अध्यक्ष निवडली गेली ती लूसी स्लो. हीच लूसी स्लो पुढे १९१७ मध्ये कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत स्त्रियांच्या गटात विजयी झाली, आणि १९२२ पासून हॉवर्डमध्ये विद्यार्थिनींची अधिष्ठाता म्हणून तिने काम केले.

मंडळाचे काम सुरळीत चालू झाले. व्याख्याने, संगीताचे कार्यक्रम, नव्या विद्यार्थिनींना मार्गदर्शन, परस्परांच्या अभ्यासाची काळजी अशी त्याची दिनचर्या होती. विद्यापीठाच्या आवारात आयव्हीची वेल लावण्याचा समारंभही त्यांनी सुरू केला. ह्या कामाला क्षुल्लक म्हणता येणार नाही. जिथे बाहेरचे जग पदोपदी कमी लेखत होते, तिथे आपल्यासारख्याच शिकणाऱ्या मुलींनी आपली बूज राखावी, ही सामान्य गोष्ट नव्हती. परंतु एक उणीव राहून गेली होती. मंडळाची कायदेशीर नोंदणी झालेली नव्हती. हॉवर्डच्या बाहेर शाखा काढण्याचा अधिकार त्याला नव्हता आणि विद्यापीठापलीकडे त्याचे अस्तित्वही नव्हते.

चार वर्षांत संस्थापक मुली पदव्या घेऊन निघून गेल्या आणि नव्या मुली आल्या. ह्या नव्या पिढीच्या भोवतालचे वातावरण बदललेले होते. १९०९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली होती. स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ शिगेला पोहोचत होती. वॉशिंग्टनमध्येच राहणाऱ्या मेरी चर्च टेरेल ह्या विदुषी दोन्ही प्रश्नांवर झुंजत होत्या. १८८४ मध्ये ओबर्लिन महाविद्यालयाची पदवी घेतलेल्या ह्या बाई कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय संघाच्या पहिल्या अध्यक्ष होत्या. अशा काळात आपले मंडळ केवळ स्नेहसंमेलनांपुरते असावे काय, हा प्रश्न ह्या मुलींना पडला. मंडळाचे नावही त्यांना आपले वाटेना. मुलांच्या मंडळाच्या नावावरून ते बेतलेले दिसते, त्याला स्वतःचा अर्थ नाही, असा त्यांचा आक्षेप होता. १९१२ च्या अखेरच्या महिन्यांत विद्यापीठात शिकत असलेल्या सभासदांनी ठरविले की नाव, घटना, चिन्हे सारेच बदलावे, राष्ट्रव्यापी संघटना उभारावी आणि सार्वजनिक कार्याला वाहून घ्यावे. त्या वेळी मंडळाची अध्यक्ष होती मायरा डेव्हिस. घटनेचा मसुदा करण्यात मॅड्री पेन हिचा मोठा वाटा होता.

हा बेत नेली क्वांडर हिच्या कानी गेला. नेली ही मंडळाची पूर्वीची अध्यक्ष. वयाने ह्या मुलींहून मोठी. वॉशिंग्टनमध्ये शिक्षिकेची नोकरी करीत करीत तिने १९१२ मध्ये पदवी मिळविली होती. तिचे घराणे अमेरिकेतील सर्वांत जुन्या नोंदी असलेल्या कृष्णवर्णीय घराण्यांपैकी एक. त्या घराण्यातील काही पूर्वज जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन येथील मळ्यावर गुलाम होते. नावाची आणि वारशाची किंमत काय असते हे अशा घरातील मुलीला कोणी शिकवायला नको होते. बाहेर गेलेल्या सभासदांना न विचारता, आज आत असलेल्या मुलींनी मंडळाचे नावच पुसून टाकावे, हे तिला मान्य होईना. तिने मुलींना बेत सोडून देण्यास सांगितले आणि विचारासाठी मुदत दिली. मुलींनी नकार दिला.

ह्या वादात न्याय कोणाच्या बाजूने होता? संस्था कोणाची असते, हा त्यामागचा खरा प्रश्न होता. जिने ती स्थापन केली तिची, की जी आज ती चालवीत आहे तिची? क्वांडरच्या दृष्टीने मंडळ हे जन्मभराचे नाते होते. पदवी घेतल्याने ते संपत नव्हते. तेव्हा निघून गेलेल्यांचा त्यावर हक्क राहणारच. मायरा डेव्हिस आणि तिच्या सहकारी ह्यांच्या दृष्टीने जे काम करावयाचे ते आजच्या मुलींनीच. मग कामाला साजेसे रूप देण्याचा अधिकारही त्यांचाच. दोन्ही बाजूंना आपापले बळ होते, आणि म्हणूनच तडजोड होऊ शकली नाही.

१३ जानेवारी १९१३ रोजी बावीस विद्यार्थिनींनी ‘डेल्टा सिग्मा थीटा’ ह्या नव्या मंडळाची स्थापना केली. जुन्या मंडळाची अध्यक्ष मायरा डेव्हिस हीच नव्या मंडळाचीही पहिली अध्यक्ष झाली. इकडे क्वांडरनेही वेळ दवडला नाही. तिने जुन्या सभासदांना एकत्र केले आणि अवघ्या सोळा दिवसांत, २९ जानेवारीला, ‘अल्फा कप्पा अल्फा’ची कायदेशीर नोंदणी करून घेतली. पुन्हा कोणी नाव बदलू म्हणेल तर ते सहजासहजी बदलता येऊ नये, अशी तजवीज झाली. फुटून निघालेल्या मुलींनी ज्या उणिवेवर बोट ठेवले होते ती उणीव त्यांच्या फुटण्यामुळेच भरून निघाली. फेब्रुवारीत डेल्टा मंडळाचीही नोंदणी झाली. एका आवारात आता दोन भगिनीमंडळे उभी राहिली.

नव्या मंडळाने आपण वेगळे का निघालो ह्याचे उत्तर लवकरच द्यावयाचे होते. ती संधी सात आठवड्यांतच आली.

नवे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन ह्यांचा शपथविधी ४ मार्च १९१३ रोजी व्हावयाचा होता. त्याच्या आदल्या दिवशी, देशभरातील लोक राजधानीत जमले असताना, स्त्रियांच्या मताधिकारासाठी प्रचंड मिरवणूक काढावी असे अॅलिस पॉल ह्या तरुण पुढारी बाईने ठरविले. संसदभवनापासून कोषागाराच्या इमारतीपर्यंत पेनसिल्व्हेनिया अॅव्हेन्यू ह्या राजमार्गाने ती जावयाची होती. परिचारिका, शेतकरी स्त्रिया, गृहिणी, डॉक्टर, ग्रंथपाल, पदवीधर अशा निरनिराळ्या तुकड्या, त्यांचे वेगवेगळे पोशाख, शोभारथ, वाद्यपथके असा सारा थाट योजलेला होता. परंतु कृष्णवर्णीय स्त्रियांचे काय करावयाचे, ह्या प्रश्नापाशी संयोजक अडखळल्या. दक्षिणेकडील गोऱ्या स्त्रिया कृष्णवर्णीयांसह चालणार नाहीत आणि मिरवणूकच फसेल, ही त्यांची भीती. उघड बंदी घालावयाची नाही आणि आमंत्रणही द्यावयाचे नाही, असे धोरण चालले. कृष्णवर्णीयांनी सर्वांच्या शेवटी चालावे, असाही बूट निघाला. शिकागोहून आलेल्या आयडा वेल्स ह्या निर्भीड पत्रकार बाईला इलिनॉय राज्याच्या तुकडीतून मागे जाण्यास सांगण्यात आले. तिने ते साफ नाकारले, आणि मिरवणूक चालू झाल्यावर गर्दीतून पुढे येऊन ती आपल्या राज्याच्या तुकडीतच चालली.

ह्याच सुमारास घडलेली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १७ फेब्रुवारी १९१३ रोजी अॅलिस पॉलला हॉवर्डमधून एक पत्र गेले. हॉवर्डच्या विद्यार्थिनींना मिरवणुकीत भाग घ्यावयाचा आहे, पण वर्णामुळे भेदभाव सोसावा लागणार असेल तर त्यांना यावयाचे नाही. तेव्हा त्यांना योग्य जागा देता येईल काय, अशी पृच्छा त्यात होती. हे पत्र लिहिणारी होती नेली क्वांडर, जुन्या मंडळाची अध्यक्ष. डेल्टा मंडळ कार्यासाठी निघाले आणि जुने मंडळ स्नेहसंमेलनांतच रमले, अशी सोपी मांडणी अनेकदा होते. ह्या एका पत्राने ती डळमळते. ज्या दोन पक्षांचे नावावरून आणि घटनेवरून पटले नाही, त्या दोघांनाही राजमार्गावर मानाची जागाच हवी होती. तिच्यासाठी मागच्या दाराने जाण्याची तयारी दोघांचीही नव्हती.

अखेर स्त्रियांच्या राष्ट्रीय मताधिकार संघाच्या मुख्य कचेरीतून तारेने सूचना आली की ज्या कृष्णवर्णीय स्त्रियांना मिरवणुकीत यावयाचे आहे त्यांना इतरांसारखेच वागविण्यात यावे. ३ मार्चला डेल्टा मंडळाच्या मुली आपला ध्वज घेऊन मिरवणुकीत चालल्या. मेरी चर्च टेरेल त्यांच्यासोबत होत्या. मंडळाची ही पहिलीच सार्वजनिक कृती. पांढऱ्या घोड्यावर स्वार झालेली इनेझ मिलहॉलंड मिरवणुकीच्या अग्रभागी होती आणि तिच्यामागे पाच हजारांहून अधिक स्त्रिया होत्या.

मिरवणूक थोडी पुढे गेली आणि रस्ता गर्दीने गिळून टाकला. शपथविधीसाठी आलेले पुरुष दोरखंड ओलांडून आत शिरले. त्यांनी शिव्या दिल्या, धक्के दिले, अंगावर थुंकले, ध्वज ओढले. पोलीस बहुतांशी बघत उभे राहिले. काही ठिकाणी एकेकट्या रांगेने वाट काढावी लागली. सुमारे शंभर जणांना रुग्णालयात न्यावे लागले. शेवटी जवळच्या फोर्ट मायर छावणीतून घोडदळ आले तेव्हा रस्ता मोकळा झाला. पुढे ह्या प्रकाराची संसदेच्या वरिष्ठ सभागृहाकडून चौकशी झाली.

विशीच्या आतबाहेरच्या ह्या मुलींनी पत्करलेला धोका गोऱ्या स्त्रियांच्या धोक्याहून निराळा होता. गोऱ्या स्त्रीचा त्या दिवशी अपमान झाला तो ती स्त्री म्हणून. ह्यांच्या बाबतीत दोन कारणे होती. शिवाय त्यांचे भवितव्य विद्यापीठाच्या आणि पुढे शाळाखात्याच्या मर्जीवर अवलंबून होते. दांडगाई करणारी किंवा चळवळी मुलगी असा शिक्का बसला, तर शिक्षिकेची नोकरी हा एकमेव आधार हातचा जाण्याचे भय होते. हे सारे जाणून त्या गेल्या. शिक्षण मिळाले तरी ते वापरायला विस्तृत क्षेत्र हवे आणि ते मताधिकारावाचून लाभणार नाही, अशा आशयाचे स्पष्टीकरण त्यांच्यापैकी एकीने पुढे आपल्या सहभागाबद्दल दिले. ‘द क्रायसिस’ ह्या मासिकाने एप्रिलच्या अंकात मिरवणुकीतील कृष्णवर्णीय स्त्रियांची नोंद केली. त्यात पदवीधराचा झगा व टोपी घातलेल्या हॉवर्डच्या पंचवीस विद्यार्थिनींचा उल्लेख आहे. कोण कोणत्या मंडळाची, हा भेद त्या नोंदीत नाही.

मिरवणुकीनंतर मंडळाला रोजचे काम करावयाचे होते, आणि कोणत्याही संस्थेची कसोटी तेथेच लागते. १९१४ मध्ये ओहायो राज्यातील विल्बरफोर्स विद्यापीठात दुसरी शाखा निघाली. १९१८ मध्ये फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तिसरी निघाली. ज्या शहरात आनंदीबाई जोशी ह्यांनी १८८६ साली वैद्यकाची पदवी मिळविली तेच हे फिलाडेल्फिया. ह्या शाखेची एक प्रवर्तक होती सेडी मोसेल. गोऱ्या विद्यार्थिनी तिच्याशी बोलतही नसत. हॉवर्डमधील मुलींना आपल्यासारख्या शेकडो मुलींची सोबत होती. पेनसिल्व्हेनियात मूठभरच होत्या. अशा ठिकाणी मंडळाचे घर ही चैन नव्हती, एकटेपणात तग धरण्याचे ते साधन होते. १९१९ मध्ये मंडळाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि सेडी मोसेल त्याची पहिली राष्ट्रीय अध्यक्ष झाली. १९२१ मध्ये तिने अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. अमेरिकेत अर्थशास्त्रातील ही पदवी मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पुढे ती वकीलही झाली.

बावीस संस्थापकांपैकी बहुतेक जणी शिक्षिकाच झाल्या, आणि त्या पेशातही त्यांना झगडावे लागले. टेक्सास राज्यातील गॅल्व्हेस्टन येथे कृष्णवर्णीय शिक्षकांना गोऱ्यांहून कमी वेतन मिळत असे. संस्थापकांपैकी जेसी मॅग्वायर डेंट हिने त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि १९४३ मध्ये समान वेतनाचा निवाडा मिळविला. मायरा डेव्हिस, म्हणजे विवाहानंतरची मायरा हेमिंग्ज, हिने सॅन अँटोनिओ येथे दीर्घकाळ शिक्षिकेचे काम केले. ऑसिओला मकार्थी रंगभूमीकडे वळली आणि तिने न्यूयॉर्कमध्ये नव्या कृष्णवर्णीय नटांना घडविले. १९३७ मध्ये मंडळाने ग्रंथालयाची योजना हाती घेतली. दक्षिणेत जिथे कृष्णवर्णीयांना सार्वजनिक ग्रंथालयात पाऊल टाकता येत नव्हते, तिथे पुस्तके पोचवावयाची हा तिचा उद्देश.

जुने मंडळही मागे राहिले नाही. १९३५ पासून १९४२ पर्यंत उन्हाळ्याच्या दिवसांत ‘अल्फा कप्पा अल्फा’च्या स्त्रियांनी मिसिसिपीतील खेड्यांत आरोग्यकेंद्रे चालविली. डॉक्टर डोरोथी फेरेबी ह्यांच्या नेतृत्वाखाली ही तुकडी स्वतःच्या मोटारींतून लांबचा प्रवास करून जाई. मळेवाले आपल्या कुळांना केंद्रावर येऊ देईनात, तेव्हा ह्या स्त्रियांनी मोटारींनाच दवाखान्याचे रूप दिले आणि कापसाच्या शेतांपर्यंत जाऊन मुलांना लसी टोचल्या. १९३८ मध्ये ह्याच मंडळाने राजधानीत कायदेमंडळापुढे कृष्णवर्णीयांची बाजू मांडण्यासाठी कायम यंत्रणा उभारली. १९१२ मध्ये बावीस मुलींनी ज्या कार्याची मागणी केली होती, ते कार्य अशा रीतीने दोन्ही घरांत रुजले. फुटीमुळे बळ विभागले गेले खरे; परंतु चढाओढीने कामही दुणावले.

ह्या मंडळांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. निवडीचा अधिकार सभासदांच्या मतावर असल्यामुळे जी निवडली जाते तिला बहीण मिळते आणि जी निवडली जात नाही तिच्या वाट्याला उपेक्षा येते. घराणे, पैसा, इतकेच नव्हे तर त्वचेच्या रंगातील कमी-अधिक छटा ह्यांवरून निवड होते, असे आरोप ह्या मंडळांवर झाले. वर्णभेदाने पोळलेल्या समाजात रंगाची उतरंड लागावी ह्याहून दुःखद विसंगती कोणती! अशा उच्चभ्रूपणाला उत्तर म्हणून हॉवर्डमध्येच १९२० साली पाच मुलींनी ‘झीटा फाय बीटा’ हे तिसरे भगिनीमंडळ काढले. प्रख्यात लेखिका झोरा नील हर्स्टन ही त्याच्या आरंभीच्या सभासदांपैकी. दोनच वर्षांनी इंडियानापोलिस येथे सात शिक्षिकांनी चौथे मंडळ स्थापन केले. अर्थात दार बंद दिसले की नवे घर बांधावयाचे, हा क्रम थांबला नाही. पण पहिल्या घराने ठरविलेली रीत, म्हणजे आमंत्रण, मतदान व शपथ, ही मात्र सर्वांनी कायम ठेवली.

ज्या हक्कासाठी बावीस मुली चालल्या तो १९२० मध्ये राज्यघटनेच्या एकोणिसाव्या दुरुस्तीने अमेरिकन स्त्रियांना मिळाला. कागदावर तो त्यांनाही मिळाला. परंतु दक्षिणेतील राज्यांनी साक्षरतेच्या परीक्षा, मतपट्टी आणि उघड दहशत ह्यांच्या बळावर कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून दूर ठेवले. दक्षिणेत तो खऱ्या अर्थाने अमलात येण्यासाठी १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला. मिरवणुकीपासून त्या कायद्यापर्यंत बावन्न वर्षे लोटली होती. तेव्हा ह्या मुलींनी एका दुपारी चालून हक्क मिळविला असे म्हणणे खरे होणार नाही. त्या चालल्या, आणि नंतर अर्धशतकभर वर्गांतून, न्यायालयांतून, ग्रंथालयांतून ते चालणे चालूच राहिले, हेच खरे.

पुढे भारताशी ह्या कथेचा एक धागा जुळला. भारतातून १९५८ मध्ये शिक्षणासाठी अमेरिकेला गेलेल्या श्यामला गोपालन ह्यांची कन्या कमला हॅरिस ही हॉवर्डची विद्यार्थिनी. १९८६ मध्ये ती ‘अल्फा कप्पा अल्फा’च्या त्याच पहिल्या शाखेत दाखल झाली, आणि २०२१ मध्ये अमेरिकेची उपराष्ट्राध्यक्ष झाली. तिच्या निवडणुकीच्या काळात ह्या भगिनीमंडळांच्या सभासद गावोगाव मतदारांची नोंदणी करीत होत्या. डेल्टा मंडळाच्या शताब्दीच्या वर्षी, ३ मार्च २०१३ रोजी, हजारो स्त्रिया वॉशिंग्टनच्या त्याच राजमार्गाने पुन्हा चालल्या.

संस्था टिकविण्याची चिंता आणि संस्था बदलण्याची तळमळ ह्या दोन वृत्तींचे भांडण जगात कोठेही, कोणत्याही मंडळात चालू असते. पुष्कळदा त्या भांडणात संस्थाच मोडते. हॉवर्डमध्ये १९१३ च्या हिवाळ्यात तसे झाले नाही. नेली क्वांडरने वारसा जपला, मायरा डेव्हिस आणि तिच्या सोबतिणींनी नवी वाट पाडली. दोघींनी एकमेकींना माघार घ्यायला लावली नाही. आणि वेळ आली तेव्हा दोघींनीही मिरवणुकीच्या शेपटाला जागा घेण्याचे नाकारले.